नावानिशी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचं सदर सातारा-सांगलीकडच्या पत्रांना दिलं आहे. विषय एकच, बायकांची कला. कला सापडत नाही अशी तक्रार एकाही पत्रात नाही. ओव्या आहेत, तबकड्या आहेत, वह्या आहेत, गोधड्या आहेत. गळलंय ते नाव. ते कुठल्या कागदावर, कुठल्या कामात गळतं हे एकदा कळलं की दुरुस्ती बरीचशी आपल्या हातातली असते.

आटपाडीहून एका बचत गटाचं पत्र : आमच्याकडे जात्यावर गाणाऱ्या आठ-नऊ म्हाताऱ्या बायका आहेत. मोबाईलवर ओव्या घेतल्या, पण आवाज मध्येच मोठा, मध्येच लहान होतो आणि जात्याची घरघर कुठे आहे, कुठे गायब. काय चुकतंय?

तुमचं फार काही चुकलेलं नाही, फोनने जास्त हुशारी केली आहे. माणसाचं बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून फोन एकसुरी आवाज 'गोंगाट' समजून कापतो. जात्याची घरघर त्याला पंख्यासारखीच वाटते. शिवाय बाई श्वास घ्यायला थांबली की तो आपोआप आवाज चढवतो आणि गायला लागली की उतरवतो. वर-खाली होतं ते त्यामुळे. सेटिंगमध्ये आवाजशुद्धी आणि आपोआप पातळी राखणारी सोय, दोन्ही बंद करता येतील असं रेकॉर्डिंग ॲप घ्या. फाईल डब्ल्यूएव्ही प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवा. एका तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, तेव्हा फोन आधी रिकामा करा. पातळी अशी लावा की मोठ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. लाल झाला तर आवाज फाटलेला असतो आणि नंतर कशानेही शिवता येत नाही.

फोन जमिनीवर ठेवू नका, दगडाचे हादरे थेट आत जातात. स्टुलावर चौघडी करून टॉवेल, त्यावर फोन, गाणारीच्या तोंडापासून दीड-दोन हात लांब आणि खुंट्याच्या विरुद्ध बाजूला. जात्याखाली गोणपाट घाला. फोन विमान मोडवर, पंखा आणि फ्रीज बंद. पत्र्याच्या खोलीपेक्षा मातीची किंवा कपडे-अंथरुणं भरलेली खोली चांगली, कारण आवाज घुमत नाही.

जातं रिकामं फिरवायला सांगू नका. दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो आणि बाईंच्या हाताची लयही खोटी पडते. वैरण, म्हणजे जात्यात घालायचं धान्य, हवीच. दोन किलो ज्वारी निवडून तयार ठेवा. जातं वर्षानुवर्षं पडून असेल तर आधी झाडून घ्या, लागलं तर टाकी लावून (दगड टाचून) घ्या, आणि पहिलं मूठ-दोन मूठ पीठ टाकून द्या, त्यात दगडाची कच असते. प्रत्येकीचं गाणं दोनदा घ्या, एकदा दळताना, एकदा नुसतं बसून. दळताना घेतलेल्यात लय आणि श्वास खरा असतो, बसून घेतलेल्यात शब्द स्पष्ट येतात. लिहून काढताना दुसरं ऐकायचं, जपायची दोन्ही.

आता नाव. ओवीचं पुस्तक उघडा, कितीतरी ठिकाणी 'पारंपरिक' एवढंच छापलेलं दिसेल. गाणारी समोर बसलेली असताना तिला विचारलं नाही, तर तो परंपरेचा गुण नव्हे, आळस आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या ऐकायला मिळतात. लाखभर ओव्यांना जमलं ते आठ-नऊ बायकांच्या कामात जमायलाच हवं.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात बाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं : माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, आणि ही ओवी कुणाकडून आली. लग्नात नाव बदललेलं असतं, गावात हाक 'बाळूची आई' अशी असते, आधारकार्डावर तिसरंच असतं. सगळी लिहा आणि कुठलं छापायचं ते तिला ठरवू द्या. 'कुणाकडनं शिकलीस?' हा प्रश्न सोडू नका. ख्यालगायकाची तीन पिढ्यांची गुरुपरंपरा आपण कौतुकाने छापतो. इथे आई, मावशी, जाऊ, शेजारीण अशी परंपरा निघते, तीही तेवढ्याच कौतुकाने छापायची. दोघी मिळून गात असतील तर ओवी कोण उचलते आणि मागून कोण धरते, हेही टिपा.

लिहिताना भाषा सुधारू नका. तिने 'पयली माझी ववी' म्हटलं असेल तर तसंच. 'गं बाई', 'सांगते बाई तुला' हे तुकडे भरतीचे वाटतात म्हणून कापले जातात, पण चाल त्यांच्यावरच उभी असते. त्या चालीला बायका 'गळा' म्हणतात. एकाच गळ्यात वेगवेगळ्या ओव्या बसतात, म्हणून गळ्यालाही क्रमांक द्या.

परवानगी दोनदा घ्या. एकदा रेकॉर्डिंगच्या आधी, आणि एकदा चार दिवसांनी तिला ऐकवून. सासू, दीर, सावत्रपण यांच्यावरच्या ओव्या ओघात गायल्या जातात आणि नंतर झोप उडते. ही विचारणा एकटीला गाठून करायची, घरच्यांसमोर नव्हे. 'हे घरात ऐका, बाहेर देऊ नका' असं ती म्हणाली तर फाईलच्या नावातच तसं लिहा. कायद्याने कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं असतो आणि तो जात्यावरच्या बाईलाही लागू आहे. फाईलचं नाव आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग नाव, मग क्रमांक. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा.

मिरजेहून : आजोळच्या माळ्यावर अकरा जुन्या तबकड्या सापडल्या, जवळजवळ सगळ्या बायकांच्या आवाजातल्या. काहींची लेबलं पुसट आहेत. स्पिरिटने पुसून वाजवून बघू का?

स्पिरिट आधी कपाटात ठेवा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका पुसण्यात खाचा गुळगुळीत होतील. डिस्टिल्ड पाणी एक लिटर, त्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, आणि हात खाचांच्या दिशेने गोल. लेबलावर पाणी जाऊ देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत उभ्या वाळवा. ठेवायच्याही उभ्याच. एकावर एक रचल्या की खालच्या वजनाने तडकतात आणि उन्हाळ्यात माळ्यावर वाकतात.

जुन्या ग्रामोफोनवर हौसेने वाजवू नका. जड डोकं आणि पोलादी सुई दर वेळी खाच थोडी खरवडते. साध्या एलपी प्लेअरवरही नको, त्याची सुई फार बारीक असते. ती खाचेच्या तळाला टेकते आणि गाण्याऐवजी खरखर ऐकवते. ७८ साठी साधारण ७५ मायक्रॉनची, म्हणजे तीन मिलची सुई लागते. ती बसवता येईल असा, ७८ वेग असलेला टर्नटेबल असणाऱ्या संग्राहकाकडून एकदाच नीट उतरवून घ्या. मूळ फाईल कुठलीही सफाई न करता जपायला सांगा, सफाई केलेली प्रत वेगळी.

उतरवणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा : शेवट कापायचा नाही. भारतातलं व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं. सुरुवातीच्या कितीतरी मुद्रिकांत गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव सांगते. गौहर जानचं 'माय नेम इज गौहर जान' सगळ्यांना माहीत आहे. ते ठसक्यापोटी नव्हतं. मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, तिथल्या माणसाला लेबलावर काय छापायचं हे कळावं म्हणून होतं. आज सफाई करणारा तोच तीन सेकंदांचा तुकडा 'फालतू' म्हणून उडवतो. लेबल पुसट झालेल्या तबकडीवर कदाचित तेवढाच पुरावा उरलेला असेल.

लेबल वाचता येत नसेल तर लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे तिरप्या उजेडात बघा, फोनची बॅटरी आडवी धरून. तो मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे मुद्रणाच्या साच्याचा क्रमांक. लेबलावरचा विक्री क्रमांक वेगळा असतो, दोन्ही उतरवून घ्या. जुन्या कंपनी-याद्यांशी ताडून त्यावरून साल आणि गायिका बऱ्याचदा लागते. नाव 'मिस अमुक' किंवा 'अमुकबाई' एवढंच असेल तर तेही जसंच्या तसं नोंदवा. आडनाव वगळण्याची तेव्हाची पद्धत हीसुद्धा माहितीच आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच त्यातून मोकळ्या असतील. कवी आणि संगीतकाराचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तो वेगळा तपासावा लागतो.

मिरजेतलीच एक गोष्ट सांगण्याजोगी. मिरज म्हटलं की किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्यांची मुलगी, गायिका हिराबाई बडोदेकर १९०५ साली जन्मल्या त्याही मिरजेतच. त्यांच्या आई ताराबाई माने खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. त्यांनी मुलांची नावं बदलली, त्यांना गाण्यात उभं केलं. सुरेशबाबू माने, हिराबाई, सरस्वती राणे हे सगळे त्या घरातले. हिराबाईंनी बायकांच्या गाण्याला तिकीट लावून खुल्या मैफलीत बसवलं, भावंडांसह नाटक मंडळी काढून स्त्री-भूमिका बायकांनाच दिल्या. घराण्याच्या तक्त्यात रेघ खाँसाहेबांकडून खाली येते. ताराबाईंसाठी त्या तक्त्यात चौकटच नसते. तुमच्या तबकड्यांची यादी करताना 'कुणाची मुलगी' हा रकाना केलात तर आईचंही नाव घाला.

भिलवडीहून : आमच्या आत्तींच्या कवितांच्या दोन वह्या आणि एक अल्बम पुरात भिजला होता. आता पानं चिकटून वीट झाली आहे, वास येतो. उघडू का?

ओढून उघडू नका. कागद फाटतोच, शिवाय शाई शेजारच्या पानावर जाते. आधी वाहत्या हवेच्या सावलीत, एन-९५ मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने बाहेरची बुरशी झटका. घरात झटकलीत तर ती बाकीच्या पुस्तकांना लागेल. जी पानं आपसूक सुटतात तेवढीच सोडवा, मध्ये सुरीऐवजी बोटाएवढी लोण्याच्या कागदाची (बटर पेपरची) पट्टी सरकवा. जिथे अडेल तिथे थांबा. उरलेली वीट कागद-संवर्धकाचं काम आहे. वाफेवर धरणे, इस्त्री फिरवणे हे उपाय लोक सांगतात. झोपलेली बुरशी ओलाव्याने जागी होते आणि शाईपेनाची निळी शाई पळते, तेव्हा नकोच.

फोटो काचेला चिकटला असेल तर काचेसकटच स्कॅन करा, ६०० डीपीआयला, टिफ फाईल. ओरबाडला तर चेहरा काचेवर राहतो. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर आधी जे दिसतंय ते स्कॅन, मगच पुढचा विचार. लॅमिनेशन आणि सेलोटेप ही दोन दुखणी पुरापेक्षा चिवट असतात.

सुटलेल्या पानांचे फोटो काढा. खिडकीचा उजेड, फ्लॅश नाही, फोन पानाला समांतर, कडेला पट्टी. कव्हरपासून कव्हरपर्यंत, कोरी पानं आणि मागची पानंसुद्धा. मागे दुधाचा हिशोब, किराण्याची यादी, मुलाची उंची असेल, ती वगळायची नाही. कविता कधी लिहिली याचा पुरावा दुधाच्या हिशोबावरच्या तारखेत सापडतो. आणि कधी लिहायला मिळालं, हे तिथेच कळतं. फलटणच्या बेबी कांबळे यांनी दुकान सांभाळत लिहिलं आणि लिहिलेलं घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात आलं ते १९८६ साली. बायकांच्या हस्तलिखिताची जागा टेबलावर नसते, डब्याखाली किंवा पेटीच्या तळाशी असते. पाणी घरात शिरतं तेव्हा आधी तिथेच पोचतं, हा आपल्याकडचा कृष्णाकाठचा वेगळा धोका.

पुढच्या वेळेसाठी : भिजल्यापासून ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर वही, चिखल न चोळता, स्वच्छ गार पाण्यात हलकेच बुडवून काढा (शाईपेनाची असेल तर तेही नको), लोण्याच्या कागदात गुंडाळा, पिशवीत घाला आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवा. आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर चालतो. पूर ओसरल्यावर एकेक काढून निवांत वाळवता येते.

वाळवा तालुक्यातून, जरा चिडून : पठ्ठे बापूराव आमच्या रेठरे हरणाक्षचे. लावण्या त्यांनी रचल्या. हल्ली जिथे-तिथे पवळेचं नाव जोडतात. तिने काय रचलं?

बापूरावांचं काही काढून घ्यायचं नाही. शब्द त्यांचे, वाद नाही. प्रश्न असा की लावणी म्हणजे नुसते शब्द का? कागदावरची लावणी वाचून कुणी फेटा उडवल्याचं ऐकिवात नाही.

तमाशात बाईची भूमिका पूर्वी नाच्या पोऱ्या करायचा. हिवरगावच्या पवळाबाई फडावर आल्या आणि बाईच्या तोंडी लिहिलेले शब्द बाईच्या गळ्यातून आले. 'मी', 'माझा शालू', 'सख्या' हे शब्द पुरुष लिहितो, पण ते खरे, खोटे, खट्याळ की कडू वाटायचे ते म्हणणारी ठरवते. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांची बैठकीची लावणी ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं सांगायला नको. बसलेली बाई, एक ओळ, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी भुवई, मान, बोटं वेगळी आणि अर्थ वेगळा. हे रचणंच आहे, फक्त कागदावर नसतं. १९१५ ते २०१८ एवढं आयुष्य लाभलेल्या यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली.

म्हणून व्यवहाराचं सांगतो. कार्यक्रमपत्रिकेत लावणीखाली एक नाव छापू नका, चार ओळी छापा : शब्द, चाल, गायन व अदा, ढोलकी. जिचं-ज्याचं जे, ते त्याच्यासमोर. मग भांडण उरत नाही. चित्रीकरण करत असाल तर कॅमेरा तिवईवर, चौकट डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, दोन्ही हात कायम आत, आणि लावणी संपेपर्यंत हलवायचा नाही. हौशी कॅमेरावाला नेमका भावाच्या क्षणी चेहऱ्यावर झूम करतो नाहीतर शिट्टी मारणाऱ्या प्रेक्षकाकडे वळतो, आणि बोटांनी सांगितलेलं हुकतं.

फडांच्या नावांकडेही एकदा बघा. 'अमुक सह तमुकबाई'. कांताबाई सातारकर पुरुषी भूमिकासुद्धा गाजवायच्या, गर्दी त्यांच्या नावावर यायची, तरी पाटीवर त्या 'सह'. आणि आडनावं बघा : वाईकर, सातारकर, नारायणगावकर, हिवरगावकर. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, गावाचं. सूची करताना ही नावं 'खऱ्या' आडनावाखाली हलवू नका. वाईकर हेच खरं, कंसात हवं तर जावळे.

साताऱ्याहून एक मंडळ : आठ मार्चला जिल्ह्यातल्या उपेक्षित महिला कलावंतांचं प्रदर्शन करायचं आहे. पन्नास जणींचे फोटो जमलेत. मजकूर आणि मांडणी कशी करावी?

पन्नास नको. बारा करा. पन्नास फोटो म्हणजे भिंतभर शुभेच्छांचा फ्लेक्स, लोक सेल्फी काढून जातात. बारा जणींची कामं दाखवली तर लोक थांबतात. कामं म्हणजे ओवी ऐकायला हेडफोन, कवितेचं पान, तबकडीचं लेबल, गोधडीचा तुकडा हातात घ्यायला.

मथळ्यातला 'उपेक्षित' काढा. त्या शब्दाने उपेक्षा करणारा गायब होतो आणि बाई तेवढी बिचारी उरते. त्याऐवजी काय झालं ते लिहा : 'हस्तपत्रिकेत नाव छापलं नाही', 'मानधन निम्मं', 'पुस्तकात पारंपरिक म्हणून छापलं'. 'अज्ञात कलाकार' हाही तसाच सोयीचा शब्द. विचारलं आणि कळलं नाही, तर 'नाव मिळालं नाही'. कुणी विचारलंच नव्हतं, तर 'नाव विचारलं गेलं नाही'. दोन्हींत फरक आहे आणि तो पाटीवर दिसू द्या.

पाटीचा क्रम : नाव, काम, सालं, गाव. नातं सगळ्यात शेवटी आणि कामाशी संबंध असेल तरच. खात्री करायची तर उलटं वाचून बघा, 'विष्णुदास भावे, अमुकबाईंचे यजमान'. हसू आलं की समजा. 'संसार सांभाळून कला जोपासली' हे वाक्य बाराही पाट्यांवर येऊ पाहील, एकीवरही येऊ देऊ नका. 'पहिली महिला' लिहिताना जपून, 'नोंद मिळालेली पहिली' हे जास्त प्रामाणिक. ज्यांचा फोटो नाही त्यांच्या जागी नऊवारीतली कुणीतरी बाई छापू नका, संगणकाने रंगवलेला चेहराही नको. हस्ताक्षर लावा, नाहीतर चौकट रिकामी ठेवा. रिकामी चौकट खूप बोलते.

कुणाला घ्यायचं? जिल्ह्यापुरतंच बघितलं तर नायगावच्या सावित्रीबाई फुले कवी म्हणून घ्या, शिक्षिका म्हणून त्या सगळीकडे आहेतच. 'काव्यफुले' १८५४ चं आहे, त्यातली एक कविता पूर्ण लावा. यमुनाबाई आणि बेबीताई आहेतच. शेजारच्या सांगलीतून बागणीच्या सरोजिनी बाबर. त्यांनी बायकांची गाणी, खेळ, उखाणे खंडामागून खंड काढून छापून ठेवले, आणि आपण ते वापरताना संपादकाचं नाव विसरतो. बाकीच्या आठ जणी तुमच्या गावातल्या असू देत, भजनी मंडळातल्या, रांगोळीतल्या.

मांडणी : पाटी दोन बाय तीन फूट, मॅट. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट उमटते आणि मधला मजकूर वाचताच येत नाही. एका पाटीवर १२० शब्द, जास्त नाही. मजकुराचा टंक ३० पॉइंटच्या खाली नको, ओळींतलं अंतर दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. पाटीचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर, शाळेची मुलं येणार असतील तर अर्धा फूट खाली. छपाईवाल्याला वर्डची फाईल देऊ नका. तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलतो आणि रफार, जोडाक्षरं फुटतात. 'सुऱ्या', 'कऱ्हाड', 'कर्तृत्व' हे तीन शब्द हटकून बघा. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि छापण्याआधी एक पाटी काढून मोठ्याने वाचा, नावांसाठी दुसऱ्या माणसाकडून.

तारखेबद्दल एक सूचना. आठ मार्चला प्रत्येक सभागृह घेतलेलं असतं. पाच नोव्हेंबर बघा. १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' झालं म्हणून तो रंगभूमी दिन. त्या खेळातल्या सीतेची भूमिकाही पुरुषाचीच होती. बायकांच्या कलेवर बोलायला याहून चांगला दिवस मिळणार नाही.

तासगावहून : आमच्या चुलत आजी संगीत नाटकांत काम करायच्या. मराठी विकिपीडियावर लेख टाकला, उडवला.

घरच्यांनी लिहिलेला आणि घरच्याच आठवणींवर उभा असेल तर उडणारच. नाटकाच्या जाहिरातीने काम भागत नाही. त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी, छापील, थोडं विस्ताराने लिहिलेलं किमान दोन-तीन ठिकाणी दाखवावं लागतं : वर्तमानपत्रातलं परीक्षण, स्मरणिकेतला लेख, कोशातली नोंद. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, तिथून सुरुवात करा, मग नगर वाचनालयातल्या जुन्या फायली. शोधताना माहेरचं नाव, सासरचं नाव आणि रंगमंचावरचं नाव तिन्ही वापरा, बहुतेक शोध इथेच फसतात. पुरावा जमला की लेख नात्याबाहेरच्या माणसाकडून लिहून घ्या. नाहीच जमला तर कात्रणं आणि फोटो स्कॅन करून एखाद्या ग्रंथालयाला द्या. उद्याच्या लेखाचा तो कच्चा माल असतो.

कऱ्हाडहून : महिला दिनाला भजनी मंडळाच्या बायकांना बोलावतो. शाल-श्रीफळ पुरेसं आहे ना?

मंडपवाल्याला शाल-श्रीफळ देता का? साऊंडवाल्याला? नसाल देत, तर बायकांनाही पाकीट. रक्कम आधी सांगा, पावतीवर 'चहापाणी' लिहू नका, 'मानधन' लिहा, आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या नवऱ्याच्या हातात देऊ नका. गाडीभाडं वेगळं.

वाईहून : सासूबाईंची गोधडी भिंतीवर लावायची आहे. वरच्या कडेला खिळे मारले तर चालतील?

नाही. सगळं वजन चार खिळ्यांवर येतं आणि कापड तिथे फाटत जातं. मागच्या बाजूला वरच्या कडेने चार इंच रुंद सुती पट्टीची नळी हाताने शिवा, टाके मागच्या थरांतून घ्या, पुढे दिसू देऊ नका. नळीतून गोल काठी घाला. समोरून ऊन नको, दोन-तीन महिन्यांनी उतरवून विश्रांती द्या. डांबरगोळ्या न वापरता धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळी करून ठेवा, घडी घातली की घडीवर तुटते. कसर लागली असेल तर पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर.

मागच्या कोपऱ्यात सुती फितीवर न पुसणाऱ्या शाईने सासूबाईंचं नाव, गाव आणि साल लिहून फीत शिवा. 'माझं कशाला नाव' असं त्या म्हणतील. मग प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून 'हे लुगडं कुणाचं?' एवढंच विचारा. त्या जी नावं घेतील तीही त्याच फितीवर मावतात, चार इंचांत सात-आठ ओळी बसतात.